पाळण्यातलं नाव, कागदावरचं नाव

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला स्वतःचं पूर्ण नाव माहीत नसतं, हे कळलं तेव्हा मला त्या यंत्राविषयी एकदम आपुलकी वाटली.

कर्नलच्या खिशात असतं ते फक्त होस्टनेम, जास्तीत जास्त ६४ अक्षरांचं. समजा, 'तुळस'. 'तुळस.अंगण.एक्झाम्पल' असं डोमेनसकट नाव हवं असेल, तर दुसऱ्यांना विचारावं लागतं. 'होस्टनेम -एफ' ही आज्ञा दिली की ती हे छोटं नाव घेऊन रिझॉल्व्हरकडे जाते आणि विचारते, "हिला तुमच्याकडे काय म्हणतात?" आधी कुणाला विचारायचं ते एनएसस्विच.कॉन्फ या फाईलीत ठरलेलं असतं. बहुधा आधी होस्ट्स फाईल, मग डीएनएस.

होस्ट्स फाईलीत आयपी पत्त्यानंतर जे नाव पहिलं, ते खरं. बाकीची टोपणनावं. म्हणून डेबियनमध्ये १२७.०.१.१ च्या ओळीत लांब नाव आधी आणि छोटं नंतर लिहितात. क्रम उलटा झाला तर उत्तर येतं, नुसतं 'तुळस'. फाईलीत काहीच सापडलं नाही, तर डीएनएसला विचारताना रिझॉल्व.कॉन्फमधल्या 'सर्च' ओळीतलं डोमेन मागे जोडून पाहिलं जातं. गंमत म्हणजे 'डोमेननेम' नावाचीही आज्ञा आहे, पण ती एनआयएसचं, म्हणजे भलत्याच कुळाचं नाव सांगते!

एवढी उठाठेव कशाला, असं वाटेल. पण मेल सर्व्हर दुसऱ्याच्या दारात गेला की आधी आपलं पूर्ण नाव सांगतो. तिथे 'लोकलहोस्ट' म्हटलं, तर उंबऱ्यावरूनच परत पाठवणारे पुष्कळ आहेत.

माझ्या आईचं लग्नात नाव बदललं. आडनावच नाही, नावसुद्धा. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. बाबा गेल्यावर पेन्शनसाठी, या दोघी एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आपण कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिला कोण विचारतंय? दप्तरात पहिलं कुठलं लिहिलंय, ते खरं.

यंत्राचं बरं असतं, एक ओळ दुरुस्त केली की भागतं. आणि पहिलं नाव ठरलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही, ते त्याच ओळीत पुढे राहतं. मामा अजूनही जुन्याच नावाने हाक मारतो, आणि आई स्वयंपाकघरातून लगेच 'ओ' देते.