सोडवणे आणि सोडणे

गेले चार महिने ज्या ज्या नातेवाइकांनी फोनवर "भाची तुझ्याकडे राहायला आलीये म्हणे, कसला एवढा अभ्यास चाललाय?" असं विचारलं, त्या सगळ्यांना आज एकदमच उत्तर देऊन टाकते. तिने जीमॅट दिली. एमबीएच्या प्रवेशासाठी परदेशातल्या आणि आपल्याकडच्याही काही संस्था (उदाहरणार्थ हैदराबादची आयएसबी) या परीक्षेचे गुण बघतात. परीक्षा जुनी आहे, १९५४ पासूनची. १९९७ पासून ती संगणकावर होते आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिचं रूप पुन्हा बदललं. तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं. गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि आकडेवारीवरून निष्कर्ष काढायचे २०. म्हणजे सव्वादोन तासांत ६४ प्रश्न.

आता यात माझा संबंध काय? तर मी दहावीच्या मुलांचं गणित घेते, त्यामुळे "मावशीकडे जा, ती बघेल" असं आमच्या ताईने परस्पर ठरवून टाकलं. भाचीचं ऑफिस हिंजवडीला आणि माझं घर तिथून जवळ, हेही एक कारण होतंच.

मुलगी हुशार आहे. दहावीला ९६ टक्के, इंजिनिअरिंग झालेलं, नोकरीत पाच वर्षं. गणित येत नाही असं नव्हतंच. पण सराव परीक्षेचे गुण काही केल्या हलेनात. या परीक्षेत गुण २०५ पासून ८०५ पर्यंत असतात आणि प्रत्येक आकडा पाचावर संपतो. तिचे आले ५७५, मग ५८५, मग पुन्हा ५७५! तिला हवे होते ६४५ च्या आसपास. कारण नुसता प्रवेश मिळून भागणार नव्हतं, शिष्यवृत्ती हवी होती. भावजी निवृत्त झालेत आणि पूर्ण फीचं कर्ज काढायला ती तयार नव्हती. अर्ज जानेवारीच्या फेरीत जायचे होते.

त्यात आणखी एक पंचाईत. परीक्षा घेणाऱ्यांच्या स्वतःच्या अशा सराव परीक्षा सहाच आहेत, दोन फुकट आणि चार विकत. त्या पुन्हा देता येतात, पण तेच प्रश्न समोर यायला लागले की गुण फुगतात आणि त्यांचा उपयोग संपतो. तिच्या तीन वापरून झाल्या होत्या. तिसऱ्या ५७५ च्या रात्री जेवताना म्हणाली, "मावशी, मला डोकंच नाहीये गं. आत्तापर्यंत नुसती घोकंपट्टी केली बहुतेक."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा, चुकलेले प्रश्न, घड्याळ न लावता आणि उत्तरं न बघता तिला पुन्हा सोडवायला दिली. निम्म्याहून जास्त आले. म्हणजे दोन वेगवेगळे आजार होते, "येत नाही" हा एक आणि "वेळेत येत नाही" हा दुसरा. दोन्हीला एकच औषध देऊन कसं चालेल?

मग आम्ही एक दोनशे पानी वही केली. मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये 'लॅप' नावाचं बटण असतं ना, ते दर प्रश्नाला दाबायचं आणि नंतर आकडे वहीत उतरवायचे. पहिल्याच २१ प्रश्नांच्या संचात चित्र स्पष्ट झालं. सातव्या प्रश्नाला ६ मिनिटं ४० सेकंद. बाराव्याला ५ मिनिटं १०. पंधराव्याला ४ मिनिटं ५०. तीन प्रश्नांनी १६ मिनिटं ४० सेकंद खाल्ली! त्यातला बरोबर आला फक्त एक. शेवटचे पाच प्रश्न मिळून तीन मिनिटांत उरकले होते आणि त्यातले तीन इतके सोपे की माझ्या दहावीच्या पोरांनी सोडवले असते.

बाकी प्रश्नांत तिचा वेग उत्तम होता. "स्पीड वाढव, स्पीड वाढव" असं जो तो तिला सांगत होता, पण वेगाचा प्रश्नच नव्हता. गोची होती ती न सुटणारा प्रश्न न सोडण्याची.

आणि ही सवय कुठून आली हे मी नाही तर कोण सांगणार? आपल्या बोर्डाच्या परीक्षेत प्रश्न सोडायचा नसतो. अर्धवट आला तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. "पेपर कोरा ठेवू नका" हे मी वर्गात सांगते आणि यापुढेही सांगणार, कारण तिथे ते बरोबरच आहे. वेळ पुरत नाही म्हणून ओरड झाली की वेळ वाढतो. २०२३ पासून बोर्डाने शेवटी दहा मिनिटं जास्त दिली, ती त्यासाठीच. हुशार मुलाला सगळा पेपर येतो, अशीच ती रचना आहे.

जीमॅटची रचना याच्या बरोबर उलटी. तुमचं उत्तर बरोबर आलं की संगणक पुढे कठीण प्रश्न आणतो, चुकलं की सोपा. म्हणजे कितीही हुशार माणूस बसला तरी त्याला न येणारे प्रश्न त्याच्यासमोर येणारच, नव्हे, ते आणण्यासाठीच सगळी यंत्रणा आहे. चुकीच्या उत्तराला कॅटसारखा वजा एक नाही, पण शेवटी प्रश्न अनुत्तरित राहिले तर गुण चांगलेच कापले जातात. आयुष्यभर पहिली आलेल्या मुलीला "तुला न येणारे प्रश्न येणार आहेत आणि ते तू सोडायचे आहेस" हे पटवणं किती अवघड! यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. "लहानपणी तूच सांगायचीस ना, प्रश्न सोडायचा नाही म्हणून?" इति भाचीबाई. म्हटलं, "अगं, तिथे तपासणारा माणूस होता. त्याला तुझी मेहनत दिसायची. इथे फक्त तू टिचकी कुठे मारलीस ते दिसतं." त्यावर दोन तास अबोला. असो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. एक साधा नमुना सांगते. दुकानदाराने किंमत २५ टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली, तर किंमत किती टक्क्यांनी बदलली? भाची लिहिणार, 'समजा मूळ किंमत क्ष रुपये', मग सहा ओळी, शेवटी 'म्हणून'चे तीन टिंबांचे चिन्हसुद्धा. मी असा पेपर तपासला तर पैकीच्या पैकी देईन. पण २१ प्रश्नांना ४५ मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर आठ-नऊ सेकंद. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट, म्हणजे पाच-चतुर्थांश. २० टक्के सूट म्हणजे चार-पंचमांश उरले. दोघांचा गुणाकार एक. किंमत होती तिथेच! दहा सेकंद.

गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही (आकडेवारीच्या विभागात स्क्रीनवर मिळतो), त्यामुळे अपूर्णांक तोंडात असले की फार फरक पडतो. इथे आमच्या आईची एन्ट्री झाली. वय वर्षं ८१, शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ केलेली पिढी. रात्री जेवणानंतर आजी-नातीचा सामना! "अठ्ठावीसचे पाऊणपट?" नात कागद शोधायच्या आत आजी "एकवीस" म्हणून मोकळी. आठ दिवसांत नातीनेही मनावर घेतलं. एक-अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक-षष्ठांश म्हणजे पावणेसतरा टक्क्यांच्या जवळपास, ही यादी फ्रिजवर चिकटली. अजून आहे.

तिसरी गंमत 'डेटा सफिशियन्सी' नावाच्या प्रश्नांची. यात उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का एवढंच सांगायचं. क्ष ची किंमत किती? पहिलं विधान: क्ष चा वर्ग ९ आहे. दुसरं: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. पहिल्याने भागत नाही, कारण क्ष उणे तीनही असू शकतो. दुसऱ्याने तर नाहीच. दोन्ही मिळून भागतं. बास, पुढे! हे उदाहरण सोपं आहे, पण खऱ्या प्रश्नांत पुरेसं आहे हे कळूनही भाची शेवटचं उत्तर काढूनच थांबायची. "राहवत नाही गं," म्हणायची. या एका 'राहवत नाही'मध्ये दर प्रश्नामागे मिनिटभर जात होतं.

मग आम्ही नियम ठरवले. गणितात सात प्रश्न झाले की ३० मिनिटं उरलेली हवीत, चौदा झाले की १५. दर प्रश्नाला घड्याळ बघायचं नाही, त्याने डोकं बधिर होतं. फक्त या दोन थांब्यांवर बघायचं. एका मिनिटात वाट दिसली नाही तर शक्य तेवढे पर्याय खोडायचे, उरलेल्यातला एक निवडायचा, खूण करायची आणि निघायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे येऊन तीन उत्तरं बदलता येतात. रोज पूर्ण संच नाही, सात प्रश्न पंधरा मिनिटांत, असे दोन घास. आणि वहीत बरोबर-चूक याच्या शेजारी नवा रकाना: 'सोडला का? कितव्या सेकंदाला?'

चौथी सराव परीक्षा झाली आणि गुण आले... ५५५!

घरात सुतक. ताईचा फोन आला की मी आजीला उचलायला लावायचे. वही उघडली तेव्हा दिसलं की यावेळी पोरीने गणितात नऊ प्रश्न सोडले होते, त्यातले पाच तिला सहज येणारे. जरा आकडे मोठे दिसले की सोड, गोष्ट लांबलचक दिसली की सोड. म्हणजे सोडणं हेसुद्धा आपोआप येत नाही, तेही शिकावं लागतं. 'लांब आहे' आणि 'वाट दिसत नाही' यांतला फरक ओळखायला पुढचे तीन आठवडे गेले. एका विभागात फार तर चार, असा कोटा घातला. कोट्याचा फायदा असा की आता प्रश्न सोडताना तिला हरल्यासारखं वाटेना, खर्च केल्यासारखं वाटू लागलं. चारातले दोन झाले, दोन शिल्लक.

भाषेच्या विभागातही तोच धडा, फक्त उलट्या बाजूने. तिथे एका प्रश्नाला दोन मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ असतो, म्हणून ती उतारा पळत वाचायची आणि मग दर प्रश्नाला परत उताऱ्यात जायची. उताऱ्याला आधीच तीन मिनिटं देऊन टाकायची असं ठरवलं, आणि एकूण वेळ कमी झाला.

पाचवी सराव परीक्षा ६१५. सहावी ६४५. डिसेंबरात प्रत्यक्ष परीक्षेत ६३५.

मला वाटलं, आता पुन्हा बसते म्हणणार. सोळा दिवसांनी परत देता येते, वर्षातून पाच वेळा मुभा आहे, आणि दहाच गुण तर कमी पडले होते. रात्री खूप वेळ गॅलरीत बसली होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, "मावशी, हा प्रश्न सोडते. निबंध लिहायला वेळ हवाय." मी बशीत चहा ओतत राहिले. तिच्या तोंडून 'सोडते' हा शब्द इतका सहज पहिल्यांदाच ऐकला होता.

अर्ज गेलेत. दोन ठिकाणी मुलाखतीचं बोलावणं आलंय, शिष्यवृत्तीचं मार्चशिवाय कळणार नाही. तेव्हा कृपया ताईला रोज फोन करून विचारू नका! कळलं की मीच सांगेन.

वही सध्या माझ्याकडे आहे. नागपूरच्या चुलतभावाचा मुलगा या वर्षी कॅट देणार आहे म्हणे. तिथे वजा गुण असतात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर देण्याचा हिशोब वेगळा मांडावा लागेल, पण शेवटचा रकाना त्यालाही उपयोगी पडेल. पत्ता कळव रे, कुरियर करते.