पाचगणीचे पाच जण

‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी पहिल्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हताच! पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 1958च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ जमला, तेव्हा गायचा ब्रूस मरे; आपला फारुख बुलसारा पियानोवर. शाळा सुटली, बँड सुटला. ड्रमवाला व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा प्रमुखही. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. फरांग इराणीने पुण्यात ‘बाउंटी सिझलर्स’ चालवलं. (पुणेकरांच्या लेखी हे यश ‘क्वीन’हून फारसं कमी नाही.)

फारुख आठव्या वर्षी झांझिबारहून बोटीने आला होता. तिथे ओमानी वंशाच्या सुलतानाचं राज्य होतं. 1964च्या क्रांतीत ते गेलं आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला निघालं. मस्कतमधल्या माझ्या सहकारी मैत्रिणीच्या आजोबांनीही तेव्हाच झांझिबार सोडलं. घरी ती अजून स्वाहिली बोलते. फ्रेडीला ती बिनदिक्कत ‘आमचा’ म्हणते. पाचगणीचं तिला माहीतच नव्हतं. मी नकाशा काढून दाखवला. आता तिला तिथे जायचंय. माझा करार मार्चमध्ये संपतो, पुढचं शहर ठरलेलं नाही. त्याआधी जमवायला हवं.