खुदरौ

आमच्या परसात यंदा कोणती भाजी कुठे उगवणार, हे आम्ही ठरवत नाही. ते मोरीचे पाणी, कोंबड्या आणि रमजान मिळून ठरवतात. मोरीच्या तोंडाशी टोमॅटो आणि मिरची, उकिरड्याच्या कडेला भोपळा आणि काकडी, आणि जिथे इफ्तारनंतर दस्तरखान झटकला जातो तिथे कलिंगड, खरबूज, खजूर. 2016 साली रमजान जूनमध्ये, पावसाबरोबरच आला होता. तेव्हा टाकलेल्या बिया ईदच्या आत पानावर आल्या होत्या. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत उन्हाळ्याच्याही अलीकडे गेला आहे, त्यामुळे बियांना पावसापर्यंत मातीत थांबावे लागते. कलिंगडाचा वेल पसरतो, फुलतो, पण रत्नागिरीच्या पावसात फळ सुपारीएवढे झाले की कुजते. खजुराच्या रोपाकडून तर कुणी काही अपेक्षाच करत नाही. मुले उपटू देत नाहीत, म्हणून ते आहे.

उर्दूच्या तासाला अशा रोपांसाठी आम्ही ‘खुदरौ’ हा शब्द शिकवतो. मराठीच्या तासाला मुले सरळ ‘तण’ म्हणून मोकळी होतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्या फुलांची भजी घरादाराने खाल्ली, त्या भोपळ्याला तण कसे म्हणायचे?

मात्र खुदरौवर डोळे मिटून विश्वासही टाकू नये. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित असतो, त्याच्या बियांतून तसाच टोमॅटो येईल याची खात्री नसते. टोमॅटो फार तर बारका किंवा आंबट निघेल. दुधीचे तसे नाही. फुलावर मधमाशी कुठल्या वेलावरून आली होती हे आपल्याला ठाऊक नसते. जवळपास एखादा कडू जातीचा दुधी असला, तर त्याचा कडूपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो. बाहेरून फळ तसेच, कोवळे, लुसलुशीत.

दुधी आमच्या घरात नुसती भाजी नाही. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले, तेव्हा ते ताटातल्या दुधीच्या फोडी शोधून खात होते आणि ते पाहून हजरत अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला, ही हदीस अम्मी दुधी-गोश्त वाढताना हमखास सांगतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात गडग्याच्या मुळाशी दुधीचा वेल आपसूक वर आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला.

हा गडगा तीन वर्षांपूर्वीचा. अब्बांच्या माघारी वाटणी झाली, विहिरीच्या पंपाच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला आणि आमच्या व भाईजानांच्या परसामध्ये चिऱ्यांची भिंत उभी राहिली. ईदचा सलाम तेवढा होत असे. वेलाला यातले काही ठाऊक नव्हते. तो गडग्यावर चढला, एक दुधी आमच्या बाजूला धरला आणि दोन पलीकडे.

आमचा दुधी काढला तेव्हा अम्मींनी त्यांच्या सवयीप्रमाणे देठाकडची चकती कापून जिभेला लावली आणि लगेच थुंकली. जहर कडू! असा दुधी शिजवून कडूपणा जात नाही. उलट्या होतात, कधी रक्ताच्याही, आणि रक्तदाब एकदम खाली जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कडू दुधीचा रस पिऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. रस काय आणि भाजी काय, कडू लागला की फेकायचा. शिवाय एका वेलाचे एक फळ असे निघाले, तर बाकीची गोड निघतील हा भरवसा धरता येत नाही.

आमचा दुधी आम्ही फेकला असता. पण पलीकडचे दोन? मुलाच्या हाती निरोप पाठवावा, तर त्यांना वाटणार, यांच्या वेलाचा दुधी आम्ही खाऊ नये म्हणून ही युक्ती. न सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. भाईजानांच्या घरात चार वर्षांची नात आहे.

असरनंतर कापलेला दुधी ताटलीत घेऊन आम्ही दोघे त्यांच्या दारात गेलो. भाभींनी दार उघडले. आम्ही सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले, चेहऱ्यावर काही दिसले नाही. त्यांचा एक दुधी स्वयंपाकघरात सोलून ठेवलेलाच होता. त्यांनी त्याचा कपटा जिभेला लावला, धावत मोरीवर जाऊन चूळ भरली आणि म्हणाल्या, “या अल्लाह, रात्री हाच टाकणार होते मी गोश्तात!”

भाईजान बाहेर आले. “वेल तुमचा का?”

“कुणी लावला नाही भाईजान. आपसूक आलाय.”

“मग थांबा,” म्हणाले आणि आतून कोयता घेऊन आले. त्यांनी पलीकडून वेल तोडला, आम्ही अलीकडून ओढला. पंपाचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही. चहा झाला. निघताना भाभींनी त्यांच्या मोरीपाशी उगवलेली पपईची दोन रोपे मातीसकट आमच्या ताटलीत ठेवली. ती आम्ही आमच्या मोरीकडे लावली आहेत. नर निघतात की मादी, ते फुले आल्यावर दिसेल.