घोडे पेंड खाते कुठे?

एखादे काम अडले की आपण मराठी माणसे लगेच विचारतो, 'घोडे पेंड खाते कुठे?' वरातीपलीकडे घोड्याशी ज्यांचा काडीचा संबंध आलेला नाही, तेही हा प्रश्न बेधडक विचारतात. पण प्रत्यक्ष घोड्याचेच घोडे अडले, तर उत्तर शोधायला केवढी खटपट पडते, हे मला आमच्या पनवेलच्या एका पशुवैद्य स्नेह्यांमुळे कळले.

मी स्वतः गुडघ्याचा जुना रोगी. डॉक्टरांपुढे बसलो की कुठे दुखते, केव्हा दुखते, किती दुखते, याचे असे रसभरीत वर्णन करतो की घरच्या मंडळींना ते पाठ झाले आहे. घोड्याला ही सोय नाही. म्हणून आमचे स्नेही आधी यंत्राला हातच लावत नाहीत. घोड्याला दुडक्या चालीने पळवतात आणि त्याच्या डोक्याकडे पाहत राहतात. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा मान वर उचलतो. चांगला टेकला की खाली करतो. मग खुरापासून वर एकेक भाग सुईने बधिर करीत जायचे. ज्या सुईनंतर लंगडणे थांबेल, त्या भागात दुखणे! क्ष-किरणांची पाळी त्यानंतर.

1895 साली राँटगेनने या किरणांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, ते जगभर गाजले. आणि मौज अशी, की घोड्याचा पुढचा पाय म्हणजे खरे पाहता हातच. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट. आणि प्रत्येक पायावरचा सारा भार एकाच मधल्या बोटाच्या टोकावर!

माझे कुतूहल पाहून स्नेह्यांनी एकदा मला बरोबर नेले. प्रबळगडाच्या पलीकडे माथेरान. आम्हा पनवेलकरांना ते घरच्यासारखेच. तिथे पर्यटकांच्या मोटारींना दस्तुरीनाक्यापुढे मज्जाव, त्यामुळे कितीतरी घरांच्या चुली घोड्यांच्या पाठीवर चालतात. दिवाळी तोंडावर आली होती आणि एका घोडेवाल्याचा घोडा लंगडत होता.

घोडा काही टेबलावर निजत नाही. यंत्रच त्याच्याकडे जाते. मंडळींनी शिशाचे ॲप्रन चढवले. एकाने लगाम धरला, दुसऱ्याने दांडा लावलेली पाटी पायामागे धरली. समोरून, बाजूने, दोन तिरकस, अशी चार चित्रे झाली. हाडाची सावली हाडावरच पडते. एका अंगाने निर्दोष दिसलेला सांधा दुसऱ्या अंगाने चुगली करतो.

पडद्यावर ते मनगट उमटले. कडांना हाडाची बारीक टोके फुटलेली, सांध्यातली फट अरुंद झालेली. कूर्चा चित्रात दिसतच नाही. तिची झीज या फटीवरून ताडायची. दुखणे नवे असले तर चित्र स्वच्छही येते. मग सोनोग्राफी, नाहीतर एमआरआय. उलट चित्र भयंकर आणि घोडा मजेत चाललेला, असेही घडते.

घोडेवाला बराच वेळ पडद्याकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढी दिवाळी निघेल का?"

या प्रश्नाचे उत्तर चारांपैकी एकाही चित्रात नव्हते. स्नेह्यांनी उलट विचारले, "दादा, उतारावर कसा चालतो हा?"

"गणपतीपासून उतार लागला की डोकं माझ्या खांद्यावर टाकतो. मला वाटलं, लाडात आलाय."

कोणी काही बोलले नाही. स्नेह्यांनी कागद काढला आणि सर्वांत आधी हे खांद्याचे लिहून घेतले, चित्रांचे त्याखाली. मग म्हणाले, "आता खोगीर नको, दादा. दोन महिने तरी नाही. मग पुन्हा पाहू."

दोन महिने म्हणजे दिवाळी गेली, कदाचित नाताळही. मुलांचे कपडे, दुकानाची उधारी, सारे त्या एका पाठीवर होते. घोडेवाल्याने वाद घातला नाही. घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला, खुंटीवरचे खोगीर काढून आत ठेवले आणि बाहेर येऊन विचारले,

"बसून राहिला तर अंगाला सुटेल हो. पेंड किती घालू?"

"थोडी कमी," स्नेही म्हणाले.