करवत कुठे चालली नाही

चि. बंटी,


अर्जेंटिनाच्या हावियेर मिलेईवरून तुझं आणि दादाचं गणपतीत जे वाजलं, त्याचा निवाडा तू माझ्याकडे मागितला आहेस. तू म्हणतोस, असा एक तरी माणूस आपल्याकडे लोकसभेला उभा राहायला हवा. दादा म्हणतो, मेलेल्या कुत्र्याचे क्लोन करून घेणाऱ्याच्या हाती ग्रामपंचायतसुद्धा देऊ नये. निवाडा मी देणार नाही, मला अजून माहेरी यायचंय. पण एवढं भांडूनही तुम्ही दोघं त्या माणसाच्या विस्कटलेल्या केसांपलीकडे आणि कुत्र्यांपलीकडे गेला नाहीत, ते मला खटकलं.

तुमचा काय दोष म्हणा, २०२३च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अर्जेंटिनातही हेच चाललं होतं. हा गडी तरुणपणी फुटबॉलचा गोलकीपर, रोलिंग स्टोन्सची गाणी वाजवणाऱ्या बँडचा गायक, मग अर्थतज्ज्ञ, मग टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ओरडणारा पाहुणा, आणि २०२१मध्ये खासदार. खासदारकीचा पगार तो दर महिन्याला सोडत काढून कुणा नागरिकाला देऊन टाकायचा. कुत्र्यांना मरे रॉथबार्ड, मिल्टन फ्रीडमन आणि रॉबर्ट लुकास या अर्थतज्ज्ञांची नावं. लुकासच्या वाट्याला तर दोन कुत्री आली, एक रॉबर्ट आणि एक लुकास! प्रचारसभेत हातात धडधडणारी चेन-सॉ, कारण सरकारी खर्च कापायचा होता. एका व्हिडिओत फळ्यावर लावलेल्या मंत्रालयांच्या पट्ट्या तो एकेक करून उपटतो आणि "बाहेर!" म्हणून ओरडतो. संस्कृती बाहेर, पर्यावरण बाहेर, महिला खातं बाहेर. मध्यवर्ती बँक बंद करायची, पेसो टाकून डॉलर आणायचा, अशी आश्वासनं. मानवी अवयवांचा बाजार का नसावा, असंही तो एका मुलाखतीत बोलून गेला होता.

मग देशात वादळ उठणारच. तेव्हाचे पोप फ्रान्सिस तिथलेच, आणि त्यांना हा सैतानाचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी म्हणाला होता. ब्युनोस आयर्सच्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या पाद्र्यांनी त्या अपमानाचं परिमार्जन म्हणून वस्तीतच प्रार्थनासभा घेतली. मतदानाच्या अंतिम फेरीआधी शंभराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी जाहीर पत्र काढून याच्या धोरणांनी देश उद्ध्वस्त होईल असा इशारा दिला. त्यात थॉमस पिकेटी होते, आपल्या जयती घोषही होत्या. उलट नोबेलविजेते कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा याच्या पाठीशी उभे राहिले. सरकारी बाजूने तर रेल्वे स्टेशनांवर फलक झळकवले की सबसिडी गेली तर साठेक पेसोंचं तिकीट हजारावर जाईल.

यातला एक वाद मात्र मला केसाकुत्र्यांच्या पंगतीत बसवता येत नाही. लष्करी राजवटीत तीस हजार माणसं नाहीशी झाली असं तिथल्या मानवी हक्क संघटना सांगतात. वाद-चर्चेच्या मंचावर उभं राहून हा म्हणाला, तीस हजार नाहीत, ८,७५३ आहेत. स्वातंत्र्य हा ज्याचा मंत्र, त्याने नेमका तो आकडा घासाघिशीला काढावा? तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही. पुढच्या पत्रात असू दे.

एवढं सगळं होऊनही तो ५५.७ टक्के मतं घेऊन निवडून आला, आणि त्याचं कारण लोकांनी रात्रीतून रॉथबार्ड वाचला असं नव्हतं. त्याच्यासमोर उभे होते सेर्हिओ मासा, म्हणजे चालू अर्थमंत्री. त्यांच्या देखत महागाईचा वार्षिक दर १४० टक्क्यांवर गेला होता. वर्षभरात भाव जवळपास अडीचपट, पगार हातात पडला की लोक तो डॉलरमध्ये बदलायला धावत. अशा घरातल्या माणसाला तू सांगतोस की समोरचा उमेदवार विक्षिप्त आहे. तो म्हणणार, शहाण्यांनी आमचं काय केलं ते बघितलं आम्ही. दादाला हे कळत नाही, कारण त्याची पेन्शन रुपयात आहे.

आता माझ्या शेताच्या बाजूने बोलते.

अर्जेंटिनाचं सोयाबीन, मका, गहू पराना नदीकाठच्या रोसारिओच्या बंदरांवरून जगात जातो. तिथे सरकार निर्यातकर वसूल करतं. सोयाबीनवर तो शंभराला तेहतीस होता. निर्यातदार तो खिशातून भरत नाही, शेतकऱ्याला भाव देतानाच कापून घेतो. सगळ्या सरकारांना हा कर प्रिय, कारण लपवता येत नाही. घरात दडवलेले डॉलर सापडत नाहीत, जहाजात भरलेलं सोयाबीन सापडतं. शिवाय इतर मोठ्या करांसारखा तो प्रांतांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, सगळा केंद्राच्या तिजोरीत. २००८मध्ये राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना किर्चनर यांनी तो जागतिक भावाबरोबर वाढता ठेवण्याचा घाट घातला, तेव्हा शेतकऱ्यांनी चार महिने रस्ते अडवले. सिनेटमध्ये ३६ विरुद्ध ३६ अशी बरोबरी झाली आणि खुद्द त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्षांनी, हुलियो कोबोस यांनी, सरकारविरुद्ध निर्णायक मत टाकलं. त्या रात्रीची हकिगत वाचताना मला आपल्या शेतकऱ्यांचा १९८०चा रास्ता रोको आठवत राहिला.

मिलेई म्हणत होता, हा कर म्हणजे चोरी. नवा कर लावण्यापेक्षा मी माझा हात कापून घेईन, असंही. शेतीवर जगणाऱ्या कॉर्दोबा प्रांताने त्याला ७४ टक्के मतं दिली.

आता तारखा जुळवून बघ. १३ ऑगस्ट २०२३ला तो प्राथमिक फेरीत पहिला आला. सहा दिवसांनी दिल्लीने आपल्या कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि लासलगावसकट जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरपासून आपली निर्यातच बंद झाली. १० डिसेंबरला त्याने तिकडे शपथ घेतली. आमच्याकडे व्यापारी पडेल भाव सांगत होता आणि मी रात्री मोबाइलवर त्या माणसाचं भाषण बघत होते. भाषा कळत नव्हती, पण आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या सरकारने काय केलं? आयातीवरचा एक कर साडेसातवरून साडेसतरा टक्क्यांवर नेला. संसदेत जो अवाढव्य कायदा मांडला, त्यात बऱ्याच शेतमालावरचा निर्यातकर वाढवून १५ टक्के करायचा प्रस्ताव होता. विरोध झाला म्हणून जानेवारीत तो भाग मागे घेतला. सोयाबीनचे तेहतीस मात्र जागच्या जागी राहिले, पुढे वर्षभर. २०२५च्या जानेवारीत २६ झाले, तेही जूनपर्यंतच. मग पुन्हा ३३, मग पालेर्मोच्या कृषी प्रदर्शनात घोषणा होऊन कायमचे २६, आणि डिसेंबरात २४. मध्ये सप्टेंबरात एकदा शून्य झाला होता. सरकारला घाईने डॉलर हवे होते, सात अब्जांची मर्यादा ठेवली होती, ती तीन दिवसांत भरली. मोठ्या निर्यात कंपन्यांनी आधीच सौदे नोंदवून टाकले आणि फायदा त्यांनीच खाल्ला, अशी शेतकऱ्यांची तक्रार राहिली. अगदी आपल्याकडची बातमी वाटते ना?

बंटी, मला या माणसाबद्दल जे म्हणायचंय ते या तेहतीस टक्क्यांत आहे. मंत्रालयं अठराची नऊ करता आली. घरभाड्याचा कायदा रद्द करता आला, आणि ब्युनोस आयर्समध्ये भाड्याची घरं बाजारात परत आली हेही खरं. जिथे करवत लावल्याने तिजोरीतून जाणारा पैसा थांबतो, तिथे ती लगेच चालली. जिथे लावल्याने तिजोरीत येणारा पैसा थांबला असता, तिथे तिला गंज लागला. स्वातंत्र्यवादी उमेदवार जोखायचा असेल तर त्याचं तत्त्वज्ञान नंतर विचार. आधी विचार की वसूल करायला सर्वांत सोपा असलेला कर तो कधी सोडणार, तारीख सांग म्हणावं. त्या देशातल्या सगळ्या वाद-चर्चांमध्ये कुत्र्यांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या निम्मी या प्रश्नावर झाली असती तर कॉर्दोबाच्या लोकांनी त्याला मत देण्याआधी लिहून तरी घेतलं असतं.

त्याची बाजूही मांडते, नाहीतर तू म्हणशील आत्या एकांगी. तो आला त्या महिन्यात पेसोची किंमत निम्म्याहून खाली आणली गेली आणि महागाई एकाच महिन्यात साडेपंचवीस टक्के झाली. पुढे ती उतरत उतरत महिन्याला दोन-तीन टक्क्यांवर आली. हे लहान काम नाही. गरिबीचं प्रमाण २०२४च्या पहिल्या सहामाहीत जवळजवळ ५३ टक्के होतं, दुसऱ्या सहामाहीत ३८वर आलं. २०२५च्या ऑक्टोबरात मधल्या निवडणुकीत लोकांनी त्याला पुन्हा कौल दिला. पण त्या ५३मध्ये कोण होतं तेही बघ. कपातीची किंमत राजकारण्यांची टोळी मोजेल असं त्याने सांगितलं होतं. पहिल्या महिन्यांत सर्वांत मोठा वाटा पेन्शनवाल्यांनी मोजला. किमान पेन्शनवर मिळणारा ७० हजार पेसोंचा बोनस मार्च २०२४पासून तेवढ्यावरच गोठवला, पेन्शनवाढीचं विधेयक संसदेने मंजूर केलं ते त्याने नकाराधिकार वापरून परतवलं. दर बुधवारी म्हातारी माणसं संसदेसमोर जमायची आणि पोलिसांच्या लाठ्या खायची. आणि एवढं करून डॉलर कमी पडले तेव्हा सरकारांवर विश्वास नसलेला हा माणूस नाणेनिधीकडे आणि अमेरिकेच्या अर्थखात्याकडेच गेला. वीस वीस अब्ज डॉलरांचे व्यवहार, एक एप्रिलमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये.

आता तुझं ते "आपल्याकडे असा एक हवा". होता रे. आंबेठाणला राहायचा. तुझ्या जन्माआधी मी त्यांच्यामागे हिंडले आहे, छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ कोरडवाहू जमीन कसायला आले, तेव्हा लोकांनी त्यांनाही वेड्यातच काढलं होतं. जीन्स घालून शेतकऱ्यांच्या सभेत अर्थशास्त्र सांगणारा माणूस! सबसिडी नको, कर्जमाफीची भीक नको, फक्त आमच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हा, हे त्यांचं म्हणणं. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला जवळजवळ सगळे शिव्या घालत असताना हे त्याच्या बाजूने. १९९४मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजी आणि मसानींचा जुना स्वतंत्र पक्ष १९६७ला लोकसभेत ४४ जागा घेऊन सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला होता, त्याच वाटेवर. पण सभेला लाखांनी येणारी माणसं मत द्यायच्या वेळी आपापल्या जातीकडे आणि साखर कारखान्याकडे गेली. साहेबांना संसद दिसली ती राज्यसभेची.

तिथेही काय केलं बघ. २०१०च्या मार्चमध्ये महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ ने मंजूर झालं. तो एक म्हणजे तेच. ज्या माणसाने १९८६ला चांदवडला आम्हा बायकांचं अधिवेशन भरवलं, लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, त्याचा हात नकारात वर गेला. दर निवडणुकीला फिरणाऱ्या राखीव मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. मी त्या दिवशी भयंकर चिडले होते, आणि अजून मला ते पटलेलं नाही. मात्र त्यांनी लक्ष्मीमुक्तीत मागितलं ते पुरुषांच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अनुयायांच्या खिशातलं. मिलेईने त्याच्या अनुयायांकडे अजून काही मागितल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

तर उभा कर तुझा उमेदवार. तू स्वतः उभा राहिलास तरी चालेल, पोस्टर मी चिकटवीन, दादाच्या दारावरसुद्धा. फक्त प्रचाराला निफाडला येशील तेव्हा आधी मार्केट यार्डात ये. तिथे लोक तुला केस कसे आहेत ते विचारणार नाहीत. कांद्याचे भाव शहरात ऐंशीवर गेले, टीव्हीवाले दारात उभे आहेत, दिल्लीत मतदान दोन महिन्यांवर आहे आणि तू सत्तेत आहेस, तर निर्यात चालू ठेवशील का, हे विचारतील. उत्तर एका शब्दात द्यावं लागेल, लिलाव चालू असताना फार वेळ कुणी थांबत नाही.

वहिनीला सांग, लसणाची चटणी पाठवतेय. डबा परत हवा.

तुझी,
आत्या