दोन मतांचा लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे दोघं, म्हणजे आम्ही नवरा-बायको. हा लेखही दोघांनी मिळून लिहिलाय. म्हणून जिथं आमचं एकमत आहे तिथं 'आम्ही' आणि जिथं फाटलं तिथं 'तो' आणि 'ती' असं वाचकांनी समजून घ्यावं. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'तो' आणि 'ती' जरा जास्तच होते.

ती चिपळूणच्या बाजारातल्या तेरा छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आधीचे दोन दिवस आमच्याकडे भाजीला मीठ कमी-जास्त होतं, ते त्यामुळे. तो शाळेत शिक्षक. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, सरकारी पोर्टलवरची माहिती, हे त्याचं रात्रीचं काम.

जुना लॅपटॉप 2017 चा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आठ वर्षं राबवल्यावर कुणाचीही बिजागरी जाते. आमच्याची उजवीकडची गेली होती. झाकण उघडलं की पडदा मागं कलंडायचा, म्हणून मागं स्टीलचा डबा टेकवायचा आणि पिशवीतून नेताना वर रबरबँड. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची अपडेट बंद झाली. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि आमचा सातव्या. एका पिढीनं हुकलं. स्वतःचं काम असतं तर ढकललं असतं, पण दुसऱ्यांचे हिशेब आणि पासवर्ड असुरक्षित यंत्रावर ठेवणं तिला पटेना. अमानतीची गोष्ट होती.

त्यातच एक दिवस ती एका हार्डवेअरवाल्या चाचांकडे गेली. लॅपटॉप काढला, रबरबँड सोडला, डबा मागितला. चाचा म्हणाले, "बेटी, तुझा हिशेब चोख असतो. पण हे यंत्र बघितलं की वाटतं, माझं रिटर्न अर्ध्यातच राहणार." ती तिथं हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

नवा घ्यायचा, यावर एकमत झालं. 55 हजारांच्या वर जायचं नाही, यावरही. पुढं गाडी अडली.

त्याला हवा होता त्याच जुन्या कंपनीचा, पंधरा इंची, जाड, काळा. कारण विचारलं की एकच उत्तर, "पुरातून वाचलेली वस्तू आहे ती." 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात पंख्यापर्यंत आलं होतं. फ्रिज गेला, शिलाई मशीन गेलं, गाद्या गेल्या, लग्नाचे फोटो गेले. लॅपटॉप राहिला. तेव्हापासून तो त्या कंपनीचा मुरीद. हे पुराण तिनं चार वर्षं ऐकलं होतं. या वेळी म्हणाली, "अहो, कंपनीनं नाही वाचवला. मी वाचवला. तांदळाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून माळ्यावर टाकला होता."

त्या रात्री तो शाळेतच अडकला होता. लॅपटॉप माळ्यावर कसा गेला, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तो गप्प बसला. पण मत? ते तिथंच. जिद्द ती जिद्द.

तिला हवा होता असूसचा, चौदा इंची, निळसर चंदेरी, दीड किलोच्या आतला. त्याचं म्हणणं, पातळ वस्तू टिकत नाही, हा सगळा शौक आहे. 'शौक' हा शब्द तिला लागला. त्याच्या कामाची वस्तू ती गरज आणि तिच्या कामाची वस्तू देखणी असावी असं म्हटलं की तो शौक, हे कसं? दोन दिवस आमच्यात जेवायला बोलावण्यापुरतंच बोलणं होतं. तेही अम्मींच्या मार्फत.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला, दोघांनीही, वेगवेगळा. त्याची पहिली सूचना ॲपलची. ती बजेटबाहेर, शिवाय तिचं टॅली चालतं विंडोजवर. मग त्यानं समजावलं ते आम्ही स्पीकरवर एकत्र ऐकलं. अमेरिकन एचपी आणि डेल घ्या, चिनी लेनोवो घ्या, नाहीतर तैवानच्या एसर आणि असूस. प्रोसेसर बहुतेकांत इंटेलचा किंवा एएमडीचा, विंडोज मायक्रोसॉफ्टची. क्वांटा, कॉम्पाल यांसारख्या तैवानी कंपन्या तर एकाच वेळी अनेक ब्रँडांसाठी लॅपटॉप बनवून देतात. ज्याच्यावर लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात तो थिंकपॅड आधी आयबीएमचा होता, 2005 पासून लेनोवोचा. "मामू, नावावरून भांडू नका, मॉडेलवरून भांडा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. भांडू नका असं काही तो म्हणाला नाही, हे आम्ही लक्षात ठेवलं.

मधेच कुवेतहून धाकट्या दिराचा फोन. भाबी, मी आणतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, हे खरं. पण तिकडची वॉरंटी इकडं चालतेच असं नाही, ते मॉडेलगणिक विचारावं लागतं. कीबोर्डवर अरबी अक्षरंही छापलेली असणार. अम्मी म्हणाल्या, "मग काय बिघडलं, मला वाचता येतील." आम्ही खूप हसलो. दोन दिवसांनी पहिल्यांदाच. पण दीर येणार रमजानमध्ये आणि तिची वार्षिक रिटर्नची मुदत 31 डिसेंबर. तो विषय संपला.

शेवटी रविवारी दुकानात गेलो. तिनं तिची रोजची पिशवी मुद्दाम सोबत घेतली होती, आत फायली, छत्री, पाण्याची बाटली. त्याच्या आवडीचा पंधरा इंची त्यात घातला आणि पिशवी त्याच्याच खांद्याला अडकवली. "आता बाजारपेठेतून सात दुकानं फिरायचीत असं समजा." तो दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारून आला आणि काही न बोलता पिशवी खाली ठेवली.

पण त्याचाही एक मुद्दा खरा निघाला. चौदा इंचीला उजवीकडं आकड्यांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. असूसच्या काही मॉडेलांत टचपॅडवरच उजेडाचे आकडे उमटतात. तिनं करून पाहिलं. चीज छान आहे, पण ती आकडे मारते ते बिलाकडं बघत, बोटांच्या अंदाजानं, आणि काचेवर बोटांना ठाव लागत नाही. तो शेजारी उभा राहून बघत होता. नऊ वर्षांच्या संसारात ती कीबोर्डकडं न बघता रकमा मारते, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंच दुकानदाराला विचारलं, आकड्यांचा सुटा कीपॅड मिळतो का? मिळतो. यूएसबीला जोडायचा, सहाशे रुपये.

आणि तिच्या निळसर चंदेरी मॉडेलची माहिती बारीक अक्षरांतली त्यानंच वाचली. शिक्षकाला सवय असते. रॅम 8 जीबी, बोर्डावरच पक्की, वाढवायला जागाच नाही. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या दहा खिडक्या एकदम उघडणाऱ्या बाईला ती दोन वर्षांत कमी पडली असती. त्याच कंपनीचा 16 जीबीचा होता, 512 जीबीच्या एसएसडीचा, पण रंग साधा राखाडी. तिनं निळ्याकडं एकदा बघितलं आणि राखाडीवर हात ठेवला. बिजागरी तिनं पुन्हापुन्हा उघडून-मिटून पाहिली. झाकण एका बोटानं उघडलं, तरी खालचा भाग उचलला गेला नाही. पडदा त्यानं बाजूनं, वरून, दाराजवळच्या उन्हात नेऊन पाहिला. मग कंपनीच्या नंबरावर फोन करून आमचा पिनकोड सांगितला आणि कारागीर घरी येतो की लॅपटॉप घेऊन आम्ही जायचं, ते विचारलं. येतो म्हणाले. चिपळूणसारख्या गावात ब्रँडपेक्षा हा प्रश्न मोठा, निदान आम्हाला तरी तसं वाटतं.

पैशाच्या वेळी पुन्हा थांबलो. रोख किंमत 51,500. दुकानदार म्हणाला, कार्डावर बारा हप्ते करा, 'नो कॉस्ट', व्याज शून्य. फक्त तेव्हा किंमत 54,000. ती म्हणाली, "मग हे अडीच हजार कशाचे?" तो हसला, "स्कीम आहे, मॅडम." पण हिशेब लिहिणाऱ्या बाईपुढं स्कीम चालत नाही. अशा हप्त्यांत बँक आपलं व्याज लावतेच, तेवढी सूट आधी दाखवली जाते किंवा मिळणारी सूट काढून घेतली जाते. व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो कार्डाच्या स्टेटमेंटवर छापून येतो. रिझर्व्ह बँकेनं तर सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. याचा शरई निवाडा करणं आमचं काम नाही, तो आलिमांना विचारावा. आमच्यापुरतं, जे कागदावर व्याज म्हणून छापून येणार ते नको, यावर दोघांचं क्षणात एकमत झालं. ब्रँडवर पाच आठवडे लागले होते.

मार्ग तिच्या भिशीतून निघाला. बारा बायका, महिना तीन हजार, 36,000 ची उचल. तिचा नंबर फेब्रुवारीत होता. समोरच्या आपांचा डिसेंबरचा. त्यांच्याकडे जाऊन तिनं नंबर बदलून मागितला. आपांनी कारण विचारलं. तिनं चाचांचं बोलणं सांगितलं. आपा म्हणाल्या, "घे. माझं गॅलरीचं ग्रिल दोन महिने थांबेल." उरलेले 15,500 घरातून घातले, त्यात त्याचे नव्या बुटांचेही गेले.

दुकानदारानं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो ठेवून दिला. 31 तारखेच्या दोन दिवस आधीच तिची वार्षिक रिटर्नं भरून झाली. त्याला अजून पडदा लहान वाटतो. रात्री निकालपत्रक भरताना चष्मा वर-खाली करत तो तसं ऐकवतोही. ती उत्तर देत नाही, फक्त अक्षरं मोठी करून देते.

जुन्याची हार्डडिस्क काढून घेतली. बाकीचा भंगारात द्यायचा तिचा विचार होता, पण त्यानं देऊ दिला नाही. तांदळाची एक रिकामी पिशवी शोधून त्यात घातला आणि शिडी लावली. गाठ मारायला मात्र तिला हाक मारली.