आम्ही पाच जण आणि एक छापील कार्ड

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या छंदाविषयी पत्रिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा आम्ही गुरुवारच्या तालमीलाच बसलो होतो. लिहायचे कोणी, यावर अर्धा तास गेला आणि त्या दिवशी तालीम झालीच नाही.

आम्ही म्हणजे एकाच वर्गातले पाच जण. 1992 साली दहावी झालो. नावे मुद्दाम लिहीत नाही. शाळेच्या जुन्या हजेरीपटांत ती आहेत, आणि ज्या बाईंनी आम्हाला मागच्या बाकावरून उठवून पुढे बसवले त्यांना ती न सांगताही कळतील. एक पेटी वाजवतो, एक गातो, एक गाते, एक तबला-ढोलकी वाजवतो. पाचव्याला यातले काहीच येत नाही, म्हणून तो निवेदन करतो, मंजिरी वाजवतो आणि आयोजकांशी पैशांचे बोलतो. हा लेख मात्र चौघांनी मिळून लिहिला आहे. तबल्याला त्यातून का वगळले, ते पुढे येईलच.

सुरुवात शाळेतच झाली. प्रार्थनेच्या पेटीचा भाता फाटलेला होता. तो एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने सूर काढायची विद्या आमच्या पेटीवाल्याने सातवीतच मिळवली. स्नेहसंमेलनात दोन गाणी झाली, टाळ्या पडल्या, आणि आपण आता कलाकार झालो अशी आमची समजूत झाली. इंदूरमध्ये अशी समजूत व्हायला फार काही लागत नाही. लता मंगेशकरांचा जन्म याच गावात 1929 साली झाला, उस्ताद अमीर खाँ इथलेच, पखवाजाचे नानासाहेब पानसे होळकरांच्या दरबारी होते, आणि पलीकडे देवासला कुमारजी राहत. प्रत्येक घरात कोणीतरी एक काका असतातच, ज्यांनी यांपैकी कोणालातरी समोर बसून ऐकलेले असते. असे काका पहिल्या रांगेत येऊन बसले की घसा कोरडा पडतो.

पहिले कार्यक्रम अर्थात गणपतीतले. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, जिथे बोलावतील तिथे. पेटी स्कूटरवर दोघांच्या मध्ये, तबला-डग्गा मांडीवर, आणि आमची गायिका आपल्या भावाबरोबर मागून. मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाकिटात 151 रुपये. पाच जणांत 151 कसे वाटायचे हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण ते त्याच रात्री सराफ्यात संपत. भुट्ट्याचा कीस, साबूदाण्याची खिचडी, वर गरम जिलबी. त्या रात्री पोटभर हसलो तेवढे नंतर मोठ्या पाकिटाने कधी हसवले नाही.

कार्यक्रमाची वेळ साडेआठची छापलेली असते. मग आरती लांबते, मग सत्कार, मग प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्री दहानंतर भोंगे बंद झाले. सणाच्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण एरवी नऊ चाळीसला माईक हाती येतो आणि बारा गाण्यांतली चार होतात. त्यात श्रोते अर्धे मराठी, अर्धे मालवी-हिंदी. अभंग संपला की मागून हाक येते, "भिया, एक अपने वाला भी हो जाए!" म्हणून आमचा निवेदक दोन्ही भाषांत बोलतो. त्याचे मराठी ऐकून पुण्याचे एक पाहुणे म्हणाले होते की तुम्ही हिंदी फार छान बोलता.

आता तबल्याविषयी थोडे सविस्तर, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे. पाऊस असो की ऊन, ते सहसा हलत नाहीत. तबल्यावर कातडे असते. भाद्रपदातल्या ओल्या हवेत ते सैल पडते आणि सूर उतरतो. मग गट्टे ठोकून, गजऱ्यावर हातोडी मारून तो पेटीला मिळवायचा. इतके करून मंचावर जावे तर समोर हॅलोजन दिवे. त्यांच्या उष्णतेने कातडे ताणले जाते आणि दोन गाण्यांत सूर पेटीच्या वर चढतो. आमचा तबलजी मांडवाच्या मागे बसून दिवे कुठे आहेत ते आधी बघून येई आणि त्या अंदाजाने तबला किंचित खालीच ठेवी. फार पाऊस असला तर पिशवीतून होल्डर, वायर आणि 100 वॅटचा बल्ब काढून तबल्याजवळ पेटवून ठेवी. शिवाय गाणारा काळी एकमध्ये आणि गाणारी काळी चारमध्ये, म्हणून तबले दोन, डग्गा एक आणि वर ढोलकी. हे सगळे ओझे त्याचे त्यानेच वाहिले. आम्ही तेव्हा चहा पीत असू.

त्याचे वडील गिरणीत होते. इंदूरच्या गिरण्या आणि अनंत चतुर्दशीच्या झांकी हे नाते इथल्या वाचकांना सांगायला नको. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न मार्गी लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. काकांची गिरणी दुसरी, पण गोष्ट तीच. घरातला पगार थांबला आणि आमचा मित्र कॉलेज सोडून ट्रान्सपोर्टच्या एका ऑफिसात लागला. तबल्याची शिकवणीही तेव्हाच सुटली. त्यानंतर तो जे शिकला ते आमच्याबरोबर वाजवूनच.

2006 साली आम्हाला पहिल्यांदा मोठा कार्यक्रम मिळाला. बंद सभागृह, तिकीट लावलेले, मानधन बारा हजार. आयोजकांनी एकच अट घातली, की साथीला ऑक्टोपॅड हवा. तेव्हा तो सगळीकडे आला होता. आठ चौकोनी पट्ट्या, त्यावर काठ्या मारायच्या, आणि त्यातून ढोलक, काँगो, डफ, हवे ते वाजते. ध्वनिव्यवस्थेवाल्यांचा तर तो लाडका, कारण तबल्याला आणि ढोलकीला तीन-चार माईक लावायचे, ते शिट्टी मारणार. ऑक्टोपॅडची वायर सरळ मिक्सरमध्ये. सूर उतरत नाही, बल्ब पेटवावा लागत नाही.

अट मान्य केली यात चूक नव्हती. दोन्ही ठेवता आले असते. पण मंचावर जागा कमी, ऑक्टोपॅडवाला तीन हजार घेणार, आणि खरे सांगायचे तर आमच्याच मनात येऊन गेले होते की आपला मित्र आता जरा मागे पडला आहे. रियाज नाही, द्रुत लयीत हात अडतो. हे आम्ही चौघे एकमेकांशी बोललो. त्याच्याशी कोणी बोलले नाही. पेटीवाल्याला वाटले निवेदक सांगेल, कारण व्यवहाराचे तोच बघतो. निवेदकाला वाटले गायिका सांगेल, कारण तिचे तो ऐकतो. असे करता करता कार्ड छापून आले. त्यावर गायक, गायिका, हार्मोनियम, ऑक्टोपॅड, निवेदन असे सगळे होते. कार्ड त्याच्या ऑफिसात कोणीतरी टेबलावर ठेवून गेले, आणि त्याला ते तिथे कळले.

कार्यक्रम फसला असता तर बरे झाले असते. तो उत्तम झाला. लोक उठून टाळ्या वाजवत होते. तो चौथ्या रांगेत बसला होता, तिकीट काढून. संपल्यावर मागे आला, नेहमीप्रमाणे पेटीला दोरी बांधली, ती टेंपोत चढवली आणि म्हणाला, "छान झाला." पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही एकमेकांना सांगत राहिलो, की त्याच्या ऑफिसात काम वाढले असेल.

ऑक्टोपॅडवाल्या मुलाविषयी आमची काही तक्रार नाही. हुशार होता, हात स्वच्छ होता, लय घड्याळासारखी. पुढे वर्षभर तोच आमच्याबरोबर वाजवत होता. एका रात्री कार्यक्रमाहून परतताना गायिका अचानक म्हणाली, "मला आजकाल गाताना भीती वाटते." तिला समेच्या आधी शब्दावर थोडे रेंगाळायची सवय आहे, श्वास उशिरा घेते. मित्र तिचा खांदा बघून ओळखायचा आणि डग्ग्याची घुमार किंचित लांबवून तिला जागा करून द्यायचा. पंधरा वर्षे तिला वाटत होते की हे आपल्याला जमते. ते जमवून देणारा शेजारी बसलेला असे, हे तिला तेव्हा कळले. आम्हा बाकीच्यांना तर ते कधी दिसलेच नव्हते.

तरीही आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला आणखी एक वर्ष मिळाले की ती सवय होते. 2008 च्या पावसाळ्यात काका गेले. आम्ही चौघे गेलो, भिंतीशी बसलो, काकूंनी पाणी दिले. काका मोहल्ल्यातल्या भजनी मंडळात होते. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तेराव्याला संध्याकाळी भजन आहे. पेटी घेऊन या."

त्या दिवशी माईक नव्हता, दिवे नव्हते. बाहेर पाऊस, आणि तबल्याशेजारी तोच 100 वॅटचा बल्ब. मंडळातले म्हातारे गात होते, मधे आमची गायिका गायली. दोन वर्षे तबल्याला हात न लावलेला माणूस वाजवत होता आणि हात अडत होता, हे सगळ्यांना ऐकू येत होते. पण ती जिथे थांबली तिथे तो थांबला. भजन संपल्यावर आवराआवर करताना आमच्यापैकी एकाने "त्या वेळी आमचं चुकलं" अशी सुरुवात केली. त्याने वाक्य पुरे होऊ दिले नाही. पेटीला दोरी बांधत म्हणाला, "कार्ड मात्र चांगलं छापलं होतं." आम्हाला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही, आजही सुचलेले नाही.

गुरुवारची तालीम त्यानंतर पुन्हा सुरू झाली. ऑक्टोपॅडही आमच्यात राहिला, पण बाजूला. ज्या गाण्यांना हवा त्या गाण्यांना. बारा हजारांचे कार्यक्रम पुढे फार आले नाहीत. विश्वस्त मंडळींनी बोलावले तर शाळेत आम्ही नारळावरही वाजवू, फक्त साडेआठ म्हणजे साडेआठ असावेत. आणि मुलांनो, शाळेच्या पेटीचा भाता अजून फाटकाच असेल तर आमच्या पेटीवाल्याला सांगा, तो येऊन चिकटवून देईल.

मित्राच्या बोटांत आता सांधेदुखी आहे. थंडीत तबला लावायला त्याला वेळ लागतो. त्याची मुलगी ऑक्टोपॅड शिकते, आणि बाप गट्टे ठोकत बसला की ती समोर वायर खोचून तयार बसते, घड्याळ दाखवते. आम्हाला हे बघायला आवडते.

2008 पासून एक बदल मात्र कायमचा झाला. कार्यक्रमाचे कार्ड छापायला जाण्याआधी त्याचे प्रूफ त्याच्याकडे जाते. तो ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या तपासणारा माणूस, अक्षर न् अक्षर बघतो. हा लेखही काल त्याच्याकडे दिला. दोन दिवस ठेवून घेतो म्हणाला होता, पण रात्रीच परत आणून दिला. शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या होत्या, आणि "चौथ्या रांगेत" याच्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, "सहाव्या. चौथीची तिकिटे महाग होती."